मालगुडी, व्हाया शनिवार पेठ

१९८२ साली अमेरिकेत 'नाईट रायडर' नावाची मालिका सुरू झाली. तिच्यातली काळी गाडी बोलायची. गाडीचं नाव किट. बॉनेटच्या पुढच्या टोकाला एक लाल दिवा या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकत राहायचा. मालिका १९८६मध्ये संपली, पण तिचे चाहते आजही आपल्या गाड्यांना तसे सरकते लाल एलईडी बसवतात. २००८मध्ये तर मिओ कंपनीने किटच्या आवाजात रस्ता सांगणारं जीपीएस यंत्रच बाजारात आणलं. आवाज मालिकेतल्याच विल्यम डॅनियल्स यांचा.

आवडत्या मालिकेचा मूड रोजच्या ड्रायव्हिंगमध्ये आणायचा म्हटलं की डोळ्यासमोर हेच येतं. दिवे, आवाज, स्टिकर. माझी पंचाईत अशी की माझी आवडती मालिका 'मालगुडी डेज' आहे आणि मी राहते शनिवार पेठेत. मालगुडीत गाड्या फारशा दिसत नाहीत, शनिवार पेठेत गाड्यांशिवाय फारसं काही दिसत नाही. त्यात माझ्या शेजारच्या सीटवर जो माणूस बसतो, त्याने आयुष्यभर पुण्यात बस चालवली आहे. एलईडी लावून भागण्यातलं हे प्रकरण नव्हतं.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आर. के. नारायण यांच्या कथांवरची ही मालिका १९८६-८७च्या सुमारास दूरदर्शनवर लागायची. दिग्दर्शक शंकर नाग. शूटिंग झालं कर्नाटकातल्या आगुंब्याला, सह्याद्रीच्या ऐन पावसाच्या पट्ट्यात. एल. वैद्यनाथन यांचं शीर्षकसंगीत म्हणजे शब्द नसलेली एक गुणगुण. एकदा कानात शिरली की दिवसभर तिथेच मुक्काम. मालिकेतली रेखाचित्रं नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची. लक्ष्मण आयुष्याच्या शेवटच्या काळात पुण्यातच होते, २६ जानेवारी २०१५ला इथेच गेले. स्वामीच्या वडिलांचं काम करणारे गिरीश कार्नाड एके काळी आपल्या एफटीआयआयचे संचालक होते. आणि चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर, घोडागाडीतून परतणाऱ्या रँडवर गोळी झाडली, त्या घटनेवरच्या '२२ जून १८९७' या १९७९च्या मराठी चित्रपटाच्या पटकथेत शंकर नाग यांचा हात होता. मालगुडी पुण्यापासून वाटतं तेवढं लांब नाही.

बाबा पीएमटीत ड्रायव्हर होते. २००७मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, पण आमच्या घरात ती शेवटपर्यंत पीएमटीच राहिली. मालगुडी त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती वाड्याच्या मालकांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर, दारात उभं राहून. मी पाहिली २०२०च्या लॉकडाऊनमध्ये, यूट्यूबवर, त्यांच्या शेजारी बसून. तेव्हा वर्क फ्रॉम होम होतं. रात्री साडेनऊला लॅपटॉप मिटायचा आणि मालगुडीचा एक भाग लावायचा, असा आमचा नियमच झाला होता.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी बाबांना काचबिंदू निघाला. काचबिंदूत डोळ्याची नस हळूहळू खराब होत जाते आणि बहुतेक वेळा आधी कडेचं दिसणं कमी होतं. समोरचं छान दिसत असतं, त्यामुळे माणसाला पत्ताही लागत नाही. जे गेलं ते परत येत नाही. थेंब घालायचे, डोळ्यातला दाब आटोक्यात ठेवायचा आणि जे उरलंय ते सांभाळायचं. आता विचार करा, ड्रायव्हरचं अर्धं काम कडेच्या नजरेवर चालतं. डावीकडून घुसणारी सायकल, उजवीकडून उघडणारं दार, बस हलल्यावर पळत येणारा प्रवासी. बाबांनी डॉक्टरांचं सगळं शांतपणे ऐकलं. घरी आल्यावर स्कूटरची किल्ली देवघराच्या खालच्या खणात ठेवली. ती अजून तिथेच आहे.

तेव्हापासून बाबांना कुठेही न्यायचं तर गाडी मी चालवते. डोळ्यांच्या तपासणीसाठी कोथरूडला, बँकेत, आत्याकडे. कोथरूडला जाताना मेहुणपुऱ्यातून निघायचं, ओंकारेश्वरापासचा पूल ओलांडून बालगंधर्वला यायचं, जंगली महाराज रस्त्याने डेक्कन आणि पुढे कर्वे रस्ता.

सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये बाबा उजवा पाय फूटमॅटवर दाबत बसायचे. तिथे ब्रेक नसतो हे त्यांना माहीत होतं, पायाला नव्हतं. एखादी रिक्षा डावीकडून अचानक त्यांच्या नजरेच्या टप्प्यात यायची आणि ते दचकायचे. ते दचकले की मी दचकायचे. पंचवीस मिनिटांच्या रस्त्यात आम्ही दोघं दहा-बारा वेळा दचकून थकून जायचो. परत आल्यावर बाबा म्हणायचे, "पुढच्या वेळी रिक्षानेच जाऊ." रिक्षात मागे बसलं की पुढचं दिसत नाही, म्हणून दचकायलाही होत नाही, असं त्यांचं म्हणणं. हळूहळू त्यांनी बाहेर पडायची कारणंच कमी केली. आत्याकडे जाणं बंद झालं. मला मालगुडीचा मूड हवा होता तो एवढ्यासाठी.

मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून आधी सॉफ्टवेअर. फोनसाठी एक छोटं ॲप लिहिलं. गाडीचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या खाली आला की स्पीकरवर मालगुडीची धून हळू आवाजात सुरू. वेग वाढला की बंद. म्हणजे जिथे डोकं तापतं नेमकं तिथे मालगुडी. ॲप सांगितलेलं काम करत होतं. पण आमच्या पेठेत गाडी दहाच्या वर जाते कधी? शिवाय दोन्ही बाजूंना इमारती असल्या की जीपीएसचे सिग्नल भिंतींवर आपटून फोनपर्यंत पोहोचतात. फोनला वाटतं गाडी उड्या मारतेय. तो वेग भलताच धरतो आणि धून मध्येच तुटते. पुलापर्यंत बाबांनी सहन केलं. मग म्हणाले,

"अगं, ते बंद कर. मला रिक्षा ऐकू येत नाहीये."

कडेचं दिसत नाही म्हणून ते कानांनी रस्ता बघत होते आणि मी नेमकं तेच झाकत होते. धून बंद केली. दोन मिनिटांनी त्यांनी विचारलं, "डावीकडे काय आहे?"

मी सांगितलं, "ॲक्टिवा. मागे आजी बसल्यात. मांडीवर कुंडी आहे."

"कसली?"

"मोगरा असावा."

"मग जागा सोड त्याला. मांडीवर कुंडी असली की मागचं माणूस वळताना अंग टाकत नाही. गाडी रुंद वळणार."

ॲक्टिवा खरंच रुंद वळली. आणि बाबा दचकले नाहीत, कारण ती त्यांना दिसायच्या आधी माहीत झाली होती.

तिथून आमचा खेळ सुरू झाला. कडेचं मी सांगायचं, त्याचं माणूस बाबांनी करायचं. रिकामी रिक्षा असेल तर बाबा सांगतात, "त्याची नजर रस्त्यावर नाही, फुटपाथवर आहे. कुठेही थांबेल." अप्पा बळवंत चौकातून पुस्तकांची जड पिशवी हँडलला अडकवून निघालेला मुलगा असेल तर, "त्याचं हँडल एका बाजूला ओढतंय. बिचाऱ्याचा क्लास असेल." कोणी विनाकारण ब्रेक मारला तर, "गॅस बंद केला का नाही, ते आत्ता आठवलंय त्याला." काही निदानं तीस वर्षांच्या अनुभवाची असतात, काही निव्वळ थापा. दोन्हींचा उपयोग सारखाच होतो. ज्याचा क्लास आहे त्याच्यामागे हॉर्न वाजवावासा वाटत नाही.

मालगुडीत हेच तर आहे, हे मला नंतर लक्षात आलं. आपण त्या मालिकेला 'निवांत' म्हणतो, पण तिच्यातली माणसं निवांत नसतात. लग्नाचा मुहूर्त टळेल म्हणून जीव टांगणीला लागलेला असतो, परीक्षा असते, पैशांची ओढाताण असते. निवांत असते ती त्यांच्याकडे बघण्याची पद्धत. 'द मिसिंग मेल' या कथेतला पोस्टमन थानप्पा चार-पाच रस्त्यांची डाक वाटायला सहा तास घेतो, कारण प्रत्येक घरी कोणाचं काय चाललंय ते त्याला ठाऊक असतं. एका घरच्या लग्नात विघ्न नको म्हणून मृत्यूची खबर तो स्वतःजवळ दाबून ठेवतो. त्याच्यासाठी पत्ता म्हणजे माणूस असतो. आपल्या नकाशावर मात्र माणसं लाल रेघ होतात. त्या रेघेतली एक गाडी आपलीही असते, पण स्वतःला आपण कधी ट्रॅफिक म्हणत नाही.

बाबांची लाडकी गोष्ट 'इंजिन ट्रबल'. एका माणसाला जत्रेतल्या बक्षिसात रस्ते बनवायचं अवजड इंजिन मिळतं. ते हलवता येत नाही, विकता येत नाही, आणि जिथे उभं आहे तिथलं भाडं नगरपालिका मागते. ओढायला देवळातला हत्ती आणतात, तर भिंत पडते. शनिवार पेठेत चारचाकी ठेवणाऱ्या कोणालाही ही गोष्ट विनोदी वाटणार नाही. माझी गाडी रात्री दोन गल्ल्या पलीकडे असते. तिच्याकडे चालत जाताना बाबा दर वेळी विचारतात, "हत्ती सांगितलास का?"

हा सगळा प्रकार दर वेळी जमतोच असं नाही. सोमवारी सकाळी ऑफिसच्या मीटिंगला उशीर होत असताना मी एकटी असते, तेव्हा पुढच्या माणसाला क्लास आहे की गॅस चालू आहे याच्याशी मला देणंघेणं नसतं. आणि मूड म्हणजे सीटबेल्ट नव्हे. ज्यांनी मालगुडी उभं केलं ते शंकर नाग ३० सप्टेंबर १९९०ला दावणगेरेजवळच्या अनगोडू गावापाशी गाडीच्या अपघातात गेले. वय ३५. पत्नी अरुंधती नाग त्याच गाडीत होत्या, जबर जखमी झाल्या. त्या सावरल्या आणि २००४मध्ये बंगळुरूत 'रंग शंकरा' हे नाट्यगृह सुरू झालं, ते त्यांच्या प्रयत्नांतून. ही गोष्ट बाबांना माहीत होती, मला नव्हती. सांगून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "रस्त्याला कोणाची कामं माहीत नसतात. ती आपण माहीत करून घ्यायची."

गेल्या तपासणीत उजव्या डोळ्याचं दिसणं आणखी थोडं आक्रसल्याचं निघालं. थेंब बदलून दिलेत. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं ते बरं झालं. आत्याकडे जाणं पुन्हा सुरू झालंय, महिन्यातून दोनदा. ॲप मी फोनमधून काढून टाकलं.

आता बाबा पूर्वीपेक्षा जास्त विचारतात. कधी मी सांगायच्या आतच सांगून मोकळे होतात, "डावीकडे दूधवाला आहे ना?" डावीकडे कुरिअरवाला असतो. पायाशी खोकी, कानाला फोन. गाडीला धोका नसेल तर मी त्यांना दुरुस्त करत नाही. आमच्या गाडीपुरता तो दूधवालाच असतो, त्याच्या किटलीत अजून दोन लिटर शिल्लक असतं, आणि मी त्याला पुढे जाऊ देते.