साडेतीन अंगुळांचे शस्त्र

वाईस जाण्यास आम्हांस निमित्त लागत नाही. कृष्णेच्या घाटावर प्रातःकाळी घटकाभर बसावे, ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे, आणि प्राज्ञपाठशाळेच्या दारावरून जाताना मनोमन हात जोडावेत, एवढ्याने आमची यात्रा सफळ होते. परंतु गेल्या पौषात आम्ही तेथे गेलो ते एका चाकूसाठी, हे ऐकून वाचकांस हसू येईल.

आमच्या तीर्थरूपांचा एक लहानसा चाकू होता. पात अडीच इंचांची, कागदासारखी पातळ, मूठ सांबरशिंगाची. त्याच चाकूने त्यांनी आमचा पहिला बोरू तासून दिला, आणि त्यांच्या पश्चात तो आमच्या कोटाच्या खिशात राहू लागला. पेन्सिलीस टोक करणे, पेरूच्या फोडी करणे, टपालाची पाकिटे उघडणे, अशी त्याची दिनचर्या असे. दोन वर्षांपूर्वी विमानप्रवासाच्या वेळी तो खिशातच राहून गेला आणि तपासणीत जमा झाला. नियम आम्हांस ठाऊक होता. दोष सर्वस्वी आमचाच. बाजारात पुष्कळ चाकू पाहिले. कोणी जाड, कोणी लांब, कोणी नुसता चकचकीत. इतक्यात वाईहून भगिनीचे पत्र आले, की गावाबाहेर घिसाड्यांची पाले उतरली आहेत. आम्ही निघालो.

पालाशी गेलो तेव्हा ऊसतोडीच्या कोयत्यांस धार लावून घेणाऱ्यांची गर्दी होती. कारागीर सांडशीने लोखंड धरून बसला होता, त्याची पत्नी उभ्याने घण घालीत होती, आणि दहाएक वर्षांची मुलगी भात्याच्या जागी आलेला हाताचा पंखा फिरवीत होती. आम्ही कागदावर आकृती काढून दिली. ती पाहून तो म्हणाला, "गुरुजी, एवढी पातळ पात कोणी मागत नाही. पण करतो. झिजलेल्या कानशीची करू. तिचं पोलाद कडक." मुठीसाठी शिंग मात्र नको, असे आम्हीच सांगितले, वन्य प्राण्यांच्या शिंगांचा व्यापार १९७२ च्या कायद्याने बंद झाला आहे. बाभळीची मूठ ठरली. किंमत सहाशे रुपये. विसार त्याने घेतला नाही.

कानस लाल करून त्याने रात्रभर राखेत पुरून ठेविली, म्हणजे ती सावकाश निवून मऊ पडते. दुसऱ्या दिवशी ठोकून व घासून पात सिद्ध झाली, आणि पाणी देण्याची वेळ आली. येथे आमच्या विद्येने डोके वर काढले. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचिलेल्या बृहत्संहितेत खड्गलक्षणाचा एक अध्याय आहे. केळीचा क्षार ताकात मिसळून एक दिवस ठेवावा व त्यात पोलाद विझवावे, म्हणजे ते दगडावर आपटूनही भंगत नाही, असे तेथे सांगितले आहे. शस्त्रास 'पाजणे' हा संस्कृताचा प्रयोग आणि 'पाणी देणे' हा आपला मराठीचा, यांतील साम्याचा आनंद आम्हांस इतका झाला, की आदल्या दिवशीच भगिनीकडून ताक मागून आम्ही ते मिश्रण करून ठेविले होते. ताकाला जाऊन भांडे लपवू नये म्हणतात. आम्ही तर भांडे उपरण्याखाली झाकूनच पालाशी नेले.

कारागीर म्हणाला, "गुरुजी, ही पात तेलात विझवावी." आम्ही त्यास श्लोक म्हणून दाखविला, अर्थही सांगितला. पांढऱ्या केसांचा मान राखून तो गप्प बसला. पात लाल होऊन मिश्रणात शिरली, बारीकसा 'टिक्' असा नाद झाला, आणि बाहेर आली ती धारेपासून पाठीपर्यंत चिरलेली.

तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "तुमच्या पुस्तकातली तलवार जाड असेल. ही वाळल्या पानासारखी आहे. पाण्यात एकदम आवळली की फुटते. तेल सावकाश निववतं." आम्ही निरुत्तर झालो. त्याच अध्यायात पन्नास अंगुळांचा खड्ग उत्तम आणि पंचवीस अंगुळांचा कनिष्ठ म्हटला आहे. आमचे शस्त्र पुरते साडेतीन अंगुळांचे! ग्रंथ खोटा नव्हता; तो कोठे लावावा, हे आम्हांस कळले नव्हते.

दुसरी पात त्याने कोमट तेलात विझविली, दगडावर उजळली, आणि निखाऱ्यावर धरून ती पिवळसर सोनेरी होताच बाजूस काढली. हा रंग आला नाही तर पात ठिसूळ राहते, आणि निळा आला तर धार टिकत नाही, असे त्याने आम्हांस शिकविले. दोन्ही पातींचे दाम आम्ही आग्रहाने दिले.

मूठ बसेपर्यंत आम्ही मुलीस विचारले, "बाळ, कितवीत आहेस?" ती म्हणाली, "तिसरीत. दोन गावांत दोनदा बसले." हे ऐकून आम्ही आमच्याशीच वरमलो. आमच्या हजेरीपटावरही अशी नावे येत. आठ दिवस 'गैरहजर', मग तांबड्या शाईची रेघ. पाल कोठे गेले, हे एकदाही आम्ही चौकशी करून पाहिले नाही. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने वर्षाच्या मध्येही मुलास प्रवेश नाकारता येत नाही. परंतु हे पालापर्यंत जाऊन सांगणार कोण? दुसऱ्या दिवशी बापलेकीस घेऊन आम्ही जवळच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी विनातक्रार नाव घातले. पाल हलेल तेव्हा दाखला मागून घ्या, असे आम्ही त्या बापास बजावले. तो म्हणाला, "घेईन. तुम्ही माझं ऐकलंत, मी तुमचं ऐकतो." वास्तविक आम्ही त्याचे ऐकले ते एक पात मोडल्यावर, पण त्याने ते बोलून दाखविले नाही.

नव्या चाकूचे पहिले काम तिच्या पेन्सिलीस टोक करण्याचे झाले. लाकडाची साल अखंड वळत खाली आली, तेव्हा कारागिराने आमच्याकडे न पाहता पातीकडे पाहिले व मान डोलाविली.

चाकू आज आमच्या खिशात आहे. प्रवासास निघताना मात्र तो आठवणीने घरी ठेवितो. चिरलेली पातही आम्ही मागून आणिली. बृहत्संहितेच्या त्याच पानात ती खूण म्हणून ठेविली आहे.