घडीवर विरलेली छत्री

वस्तू जपून वापरली की टिकते, ही आमच्या अण्णांची शिकवण. त्यांची निवृत्तीच्या समारंभातली छत्री अजून कपाटात कोरी आहे. गेल्या वर्षी ते न्हाणीघरात घसरले, तेव्हापासून आम्ही त्यांची शिकवण त्यांच्यावरच चालवली आहे. खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून खाटेवर. यापलीकडे पाऊल टाकू देत नाही.

सुट्टीत साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. बरोबर भाचा होता. पवनचक्क्यांची दुरुस्ती हा त्याचा धंदा.

"मामा, नव्या मोठ्या चक्कीचे प्रत्येक पाते आपल्या जागी वळते. वादळात तर पुरे नव्वद अंश वळवून वाऱ्याला वाट देतात. त्यासाठी पात्याच्या मुळाशी भलेमोठे बेअरिंग असते, आणि तेच झिजते."

"फार फिरत असेल!" मी शहाणपणाने म्हणालो.

"छे! फिरत नाही म्हणून. बराच वेळ ते अंशा-दोन अंशांत नुसते मागेपुढे झुलते."

मग त्याने सारे उलगडले. छर्रा लांबवर फिरला तर ग्रीस त्याच्याबरोबर पसरते. जागच्या जागी डुलला तर ते बाजूला ढकलले जाते आणि परत येत नाही. पोलादाला पोलाद भिडते. सुटलेल्या कणांची गंजून तांबूस भुकटी होते आणि तीच पुढे घासू लागते. अखेर छर्ऱ्याखाली खळगा पडतो! अमेरिकेत आगगाडीने दूर पाठवलेल्या कोऱ्या मोटारींच्या चाकांना हाच रोग जडे. मैलभरही न धावता, केवळ हादऱ्यांनी. अल्मेन नावाच्या संशोधकाने १९३७ साली त्यावर लिहून ठेवले आहे.

"मग उपाय?"

"अधूनमधून पाते मुद्दाम मोठे वळवून आणायचे. ग्रीस पुन्हा पसरते. पडलेले खळगे काही भरत नाहीत. पण पुढची झीज कमी होते."

परतीच्या वाटेवर मी फारसा बोललो नाही. खाट आणि खुर्ची डोळ्यांपुढे झुलत होती.

दुसऱ्या दिवशी, सौभाग्यवतीच्या डोळ्यांतला धाक चुकवून, मी म्हणालो, "अण्णा, कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन येऊ या?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "ऊन आहे. कपाटातली छत्री घे."

दारात मी ती उघडली. कापड प्रत्येक घडीवर विरले होते.

अण्णा वर पाहून हसले आणि माझा दंड धरून पायरी उतरले.