पट्टा पडल्यावरचं संग्रहालय

संग्रहालयाच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढं एक ठरावीक माणूस असतो. मुंबईत हा माणूस सहाला कचेरीतून सुटतो, काळा घोड्यापर्यंत चालत येतो, तासभर व्याख्यान ऐकतो, चहा घेतो आणि चर्चगेटची गाडी पकडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम. हवा बरी असते, प्रदर्शनं लागलेली असतात, बाहेरचे अभ्यासक आलेले असतात. मीही वर्षानुवर्षं याच माणसासाठी व्याख्यानं, दालनफेऱ्या आणि कार्यशाळा आखत आले. वस्तू जमवणारे आणि जपणारे वेगळे. वस्तूची आणि माणसाची गाठ घालून देणं एवढंच माझं काम.

माझं गाव सिरसाळा, परळीहून बीडकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं. तिथं हे वेळापत्रक लावून पाहा. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेल्या जोड्या कोयते बांधून मुकादमाबरोबर कारखान्याला निघतात, त्या पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत परतत नाहीत. म्हणजे कलासंग्रहालयांचा जो ऐन हंगाम, तोच ऊसतोडीचा. गावात उरतात म्हातारी माणसं, हंगामी वसतिगृहातली पोरं आणि वीटभट्टीवर राबणारी कुटुंबं. ‘खेड्यातला प्रेक्षक संग्रहालयाकडं फिरकत नाही’ असं बैठकीत कोणी म्हणालं की मी विचारते, कोणत्या महिन्यात?

ही अडचण जुनी आहे, आणि तिच्यावरचा उपायही. लंडनमध्ये 1857 साली साउथ केन्सिंग्टनचं संग्रहालय उघडलं, आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. हेन्री कोल यांनी तिथं गॅसचे दिवे लावून दालनं संध्याकाळीही खुली ठेवली, कारण कामगाराला दिवसा सवड नसते. आपल्याकडं भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. त्याच्या शेजारी राणीची बाग. वाघ-हत्ती बघायला आलेलं कुटुंब जाता जाता आत शिरतं आणि वेगवेगळे धंदे करणाऱ्या माणसांच्या छोट्या मातीच्या प्रतिमांपुढं खिळून राहतं. तिथं कोणी समजावून सांगायच्या आधीच आजी नातवाला सांगू लागलेली असते. असा आयता श्रोता मिळायला नशीब लागतं.

वेळ जमली तरी रीत आडवी येते. आपल्याकडं व्याख्यान म्हटलं की दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय आणि शेवटी अध्यक्षीय समारोप. या सगळ्यातून वक्त्याच्या वाट्याला उरतात वीस मिनिटं, आणि ज्या मूर्तीबद्दल बोलायचं ती बिचारी शेजारच्या दालनात दिवे मालवून बंद. मी धरलेला नियम साधा आहे. पंधरा-वीस माणसं, एक वस्तू, अर्धा तास. लोक वस्तूभोवती उभे राहतात, पहिली पाच मिनिटं मी तोंड उघडत नाही. मग विचारते, काय दिसलं? ‘हा कोणत्या शतकातला?’ हा प्रश्न मागाहून येतो, आणि आला नाही तरी काही बिघडत नाही. शाळेच्या सहलीत ऐंशी पोरं ‘हात लावू नका, रांग मोडू नका’ या गजरात पाऊण तासात सगळं संग्रहालय पालथं घालतात. त्यांच्या लक्षात राहतो तो डबा. (हात लावू नका हे मात्र खरंच पाळावं. हाताचा घाम आणि तेलकटपणा धातूला आणि कापडाला हळूहळू खातो.)

एका वस्तूपुढं माणसं बसवून ठेवण्याची कला आपल्याला बाहेरून शिकायची गरज नव्हती. पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढं धरत रात्र रात्र रामायण-महाभारत सांगायचे. पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी अशी चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. तिथं ती भिंतीवर मुकी टांगलेली दिसली की मला चुटपुट लागते. चित्र आहे, सांगणारा नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी मात्र दोन्ही होते. स्वतः चित्रं काढायचे, स्वतः कीर्तनाला उभे राहायचे, आणि 1938 मध्ये त्यांनी डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं मायलेकरांचं शिल्प सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा संस्थानात येऊन बसलं, ते अशा माणसामुळं. संग्रहालयशास्त्राच्या वर्गात आमच्याकडून युरोपातली नावं घोकून घेतली. या कीर्तनकार राजाचं नाव कोणी काढलं नाही.

सिरसाळ्याला कलासंग्रहालय नाही. वस्तूंना मात्र तोटा नाही. परळीच्या पलीकडं धर्मापुरीचं चालुक्यकाळातलं केदारेश्वर मंदिर आहे, त्याच्या बाह्यभिंतीवर सुरसुंदरी आहेत. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे: सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या कवीनं चाळीसेक फूट लांब कापडावर ‘पंचीकरण’ लिहून काढलं, तेही आकृत्यांसकट. आणि धाराशिव जिल्ह्यात तेर. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी वृत्तांतात ज्याचं तगर म्हणून नाव येतं, ते हे गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्यानं पांढरीच्या टेकाडांत सापडणाऱ्या वस्तू जन्मभर गोळा केल्या. त्यांच्याच नावानं तिथं आज सरकारी संग्रहालय आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीशी नातं सांगते, म्हणून अभ्यासक तेरला येतात.

पट्टा पडल्यावर, पेरणीच्या आधी, मी गावात बसते. मारुतीच्या पारावर संध्याकाळी, भाकऱ्या झाल्यावर. माईक नाही, हार नाही. एकदा तेरच्या पांढऱ्या मातीच्या मूर्तींचे मोठे फोटो आणि एका मूर्तीची प्रतिकृती घेऊन गेले होते. प्रतिकृती मुद्दाम, हाताळता यावी म्हणून. डोईवरचा साज, कानातली भली थोरली कुंडलं, चेहऱ्यावरचं हसू, असं सगळं मी मनात जुळवून ठेवलं होतं. मूर्ती हातोहात फिरत भट्टीवर विटा पाडणाऱ्या एका बाईकडं आली. तिनं चेहऱ्याकडं पाहिलंच नाही. मूर्ती आडवी धरली, काखेपासून घोट्यापर्यंत कडेनं नख फिरवलं आणि म्हणाली, “बाई, हिला दोन साचे हायेत. पुढचं निराळं, पाठ निराळी. मग चिटकवलीय.” पुढं तिनं मूर्ती उलटी करून बूड पाहिलं. “आन् आतून पोकळ ठिवलीय. भरीव ठिवली असती तर भट्टीत फुटली असती.”

तेरच्या मूर्तींचं तंत्र हेच. पुढचा नि मागचा असे दोन साचे, आणि दोन्ही अर्धुकं ओलसर असतानाच सांधायची. पुस्तकात हे दोन ओळींत येतं. पारावर त्या एका वाक्यानंतर तासभर दुसरा विषय निघाला नाही. साचा लाकडाचा की मातीचा? माती चिकटू नये म्हणून काय लावत असतील, राख की वाळू? सांधा बुजवायला पातळ चिखल की नुसतं पाणी? मी गप्प बसून ऐकत होते. मूर्तीच्या हसण्याबद्दल बोलायचं राहून गेलं.

पोरांचा वर्ग वेगळा. आमच्याकडची पोरं चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना हौसेनं बसतात आणि वस्तुचित्रात समोरच्या घागरीकडं न बघता पाठ केलेली घागर काढतात. निसर्गचित्रात दोन डोंगर, मधून सूर्य आणि नारळाचं झाड. बालाघाटाच्या पोरानं नारळाचं झाड कुठं पाहिलं ते देव जाणे. म्हणून धर्मापुरीला नेल्यावर अख्खी सुरसुंदरी काढू देत नाही. फक्त हात. मनगटाशी किती कडी आहेत, बोटं कुठं मुडपलीत, कोणतं बोट झिजलंय. एका मुलीनं पानभर एकच अंगठा काढला होता. त्या वर्गातलं सगळ्यात नीट बघितलेलं चित्र तेच.

अस्सल मूर्ती गावात आणता येतील का, असं दरवेळी कोणीतरी विचारतं. येणार नाहीत. कडीकुलुपाची पेटी, पहारा, विमा, परवानग्या हे सगळं पारावर जमत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची फिरती बस 2015 पासून रस्त्यावर आहे, तसं काही मराठवाड्यापुरतं निघालं तर हवंच. तोवर उलटं करावं: माणसांनीच तेरला जावं. गोरोबाकाकांचं गाव म्हटल्यावर म्हाताऱ्या जीपमध्ये आधी चढून बसतात. समाधीचं दर्शन झालं की संग्रहालय चालत जाण्याइतकंच लांब.

श्रावणात पोथी लागते तेव्हा पासोडीबद्दल बोलायचं ठरतंय. रात्रीच्या श्रोत्यांना चार घटका बसायची सवय असते आणि तोडीला गेलेले घरी असतात. शाळेनं सत्काराचा आग्रह धरलाय. मी म्हटलं, करा, पण शेवटी करा. त्यावर गुरुजी म्हणाले, “मॅडम, शेवटी थांबतंय कोण?”