आधी यंत्राची नाडी, मग खेळ

वाचकहो, नवे औषध सुरू करण्यापूर्वी ते आपल्या प्रकृतीला सोसेल की नाही, हे आपण डॉक्टरांना विचारून घेतो. घरातल्या संगणकावर नवा खेळ आणण्यापूर्वीही असाच प्रश्न विचारावा लागतो. मात्र तो कसा विचारायचा, हे आपल्या वयाच्या माणसांना सहसा कोणी सांगत नाही. मग एक तर खेळाचे पैसे वाया जातात, नाहीतर ‘आता नवा संगणकच घ्या’ या सल्ल्यापायी निवृत्तिवेतनातील मोठी रक्कम खर्ची पडते.

माझ्या यजमानांचे वय 76. संधिवातामुळे 2 वर्षांपासून त्यांचा प्रवास थांबला आहे. विमान चालवण्याच्या एका खेळात सारी पृथ्वी वरून पाहता येते, असे नातवाकडून कळल्यावर जयगडची खाडी आणि तिच्या मुखावरचा किल्ला आकाशातून पाहावा, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली. पुष्कळ दिवसांनी त्यांनी काही मागितले होते. आपला जुना संगणक ती इच्छा पुरवील का, हे पाहण्याचे काम मी अंगावर घेतले. आपल्या घरीही अशी वेळ आली, तर पुढील रीत उपयोगी पडेल.

कळफलकावरील विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘आर’ ही कळ एकत्र दाबावी. उघडलेल्या चौकटीत डी, एक्स, डी, आय, ए, जी ही सहा इंग्रजी अक्षरे लिहून ‘एंटर’ दाबावे. पहिल्या पानावर प्रोसेसरचे नाव आणि मेमरी, म्हणजेच रॅम, दिसते. ‘डिस्प्ले’ या पानावर चित्रे रेखाटणाऱ्या ग्राफिक्सच्या भागाचे नाव असते. डिस्कवर मोकळी जागा किती, हे ‘धिस पीसी’मध्ये कळते. या चार गोष्टी कागदावर उतरवून खेळाच्या माहितीपत्रकाशेजारी ठेवल्या, की निम्मे काम झाले.

माहितीपत्रकात दोन रकाने असतात, ‘किमान’ आणि ‘शिफारस केलेले’. किमान म्हणजे खेळ कसाबसा चालेल. चित्रे साधी दिसतील आणि गर्दीच्या दृश्यात अडखळतील. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या 2020 च्या आवृत्तीला किमान 8 जीबी रॅम, 2 जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड आणि डिस्कवर 150 जीबी जागा लागते. शिफारस 16 जीबी रॅमची आहे. 2024 च्या आवृत्तीत तीच 16 जीबी रॅम किमान झाली. म्हणून आवृत्तीचे वर्ष नीट पाहावे.

आमच्या संगणकात रॅम 8 जीबी होती, पण वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते. असे कार्ड नसेल, तर चित्रांसाठी लागणारी मेमरी त्याच रॅममधून उसनी घेतली जाते. त्यामुळे आकडा जुळला, तरी यंत्र पुरे पडेलच असे नाही. कार्ड नव्याने बसवता येते; पण त्यासाठी खोक्यात जागा आणि पुरेशी वीज देणारा पॉवर सप्लाय हवा. शिवाय आमचे यंत्र विंडोज 11 च्या अटींत बसत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. अशा यंत्रावर नवा खर्च करणे मला पटले नाही.

आता खेळणाऱ्याच्या प्रकृतीकडे वळू. पडद्यावरचे दृश्य वळते, डोलते आणि शरीर मात्र खुर्चीत स्थिर असते. डोळ्यांची आणि अंतर्कर्णाची साक्ष जुळली नाही, की काहींना मळमळते, गरगरते. यंत्र अपुरे पडून चित्र अडखळू लागले, तर हा त्रास वाढू शकतो. ज्यांना चक्कर किंवा फिट येण्याचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. अक्षरे मोठी करता येतात का, दुखऱ्या बोटांना पेलतील इतक्याच कळा लागतात का, हेही पाहावे. दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद नजर टाकावी आणि मधूनमधून उठून चार पावले चालावे.

खेळ विकत घ्यायचाच असेल, तर परत करण्याचे नियम आधी वाचावेत. ‘स्टीम’ या विक्रीस्थळावर साधारणपणे खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ परत करून पैसे मागता येतात. तेवढ्या वेळात यंत्र आणि माणूस या दोघांनाही खेळ मानवतो की नाही, ते समजते.

आमच्या घरी खरेदीची गरज पडली नाही. संगणकावर बसवण्याचे ‘गूगल अर्थ प्रो’ विनामूल्य मिळते आणि त्याच्या ‘टूल्स’ यादीत विमान चालवण्याची सोय आहे. तिच्यातले लहान विमान आमच्या यंत्राला झेपले. किल्ला वरून थोडा चपटा दिसतो, लाटा हलत नाहीत. पण शास्त्री नदी समुद्राला मिळते ती जागा यजमानांनी मला बोट ठेवून दाखवली. त्या दिवशी चहा निवला, तरी ते उठले नाहीत.

तेव्हा वाचकहो, घरातल्या वडीलधाऱ्यांनी असे काही मागितले, तर ‘या वयात कशाला?’ असे म्हणू नका आणि लगेच दुकानही गाठू नका. आधी त्यांना नेमके काय पाहायचे आहे, ते विचारा. मग कागद घेऊन यंत्रासमोर बसा. पुष्कळदा घरात आहे तेवढ्यात भागते.