सांगणे नलगे

इंग्रजीत 'क्वोथ' नावाचे एक क्रियापद आहे. अर्थ अगदी साधा: 'म्हणाला'. पण त्याच्या अटी फार. ते फक्त भूतकाळात चालते. वर्तमानकाळ नाही, भविष्यकाळ नाही. 'मी म्हणालो' आणि 'तो म्हणाला' एवढीच त्याची धाव. शिवाय ते कर्त्याच्या आधी येऊन बसते, कर्त्याने मागून यायचे. एडगर ॲलन पो यांच्या 'द रेव्हन' या १८४५ सालच्या प्रसिद्ध कवितेत डोमकावळा बोलतो तेव्हा हेच क्रियापद येते. आज कोणी ते वापरलेच तर बहुधा थट्टेने.

खडकवासल्याला एनडीएत असताना हा शब्द आमच्या हाती लागला. पुढची एक टर्म आमच्या स्क्वॉड्रनमध्ये कोणी नुसते 'म्हणाला' नाही. एका सीनियरने ते ऐकले, त्याचा अर्थ विचारला आणि अर्थ कळल्यावर सगळ्यांना फ्रंट रोल मारायला लावले. व्याकरण अंगात मुरते ते असे.

या क्रियापदाचे बाकीचे कुटुंब कधीच संपले. एक नातेवाईक मात्र अजून नोकरीत आहे: 'बिक्वीथ', म्हणजे मृत्युपत्राने देणे. मूळ एकच, 'बोलणे'. पूर्वी माणूस आपले मागे काय कोणाला द्यायचे ते बोलून ठेवायचा, त्यावरून हा अर्थ आला. आपल्याकडे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ही जुनी वाट सैनिकासाठी उघडी ठेवली आहे. मोहिमेवर किंवा प्रत्यक्ष युद्धात असलेला सैनिक दोन साक्षीदारांसमोर नुसते तोंडी मृत्युपत्र करू शकतो. कागद लागत नाही. बोललेला शब्द पुरतो.

हे सगळे सांगायचे कारण, मराठीतही असेच एक एकांडे क्रियापद आहे. शाळेत ते आपण 'गौण क्रियापदे' या मथळ्याखाली पाठ केले: आहे, पाहिजे, नको, नये, नव्हे, नलगे. परीक्षेत दोन गुण मिळाले आणि यादी विसरली. त्यातले शेवटचे, 'नलगे', मला खऱ्या अर्थाने भेटले ते वाराणसीच्या पोस्टिंगमध्ये, भोसले घाटावर.

हा घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. दशाश्वमेधसारखी गर्दी इथे नसते. वर दगडी, किल्ल्यासारखी भक्कम वास्तू, तिच्या माथ्याशी छोट्या छोट्या खिडक्या, आणि लक्ष्मीनारायणाचे देऊळ. नदीकडे तोंड करून बसले की उजव्या हाताला थोड्या अंतरावर शिंद्यांचा घाट आणि त्यापलीकडे मणिकर्णिकेचा धूर. रविवारी सकाळी मैदागिनला गाडी सोडून गल्ल्यांतून चालत मी इथे यायचो. मराठी माणसाला परमुलखात आपल्या नावाची पायरी सापडली की तो तिथेच बसतो, तसे.

आता थोडे व्याकरण. मराठीला नकाराची हौस दांडगी. 'नाही' वस्तुस्थिती नाकारते: पाणी नाही. 'नव्हे' ओळख नाकारते: हा तो रस्ता नव्हे. 'नको' इच्छा नाकारते: मला चहा नको. 'नये' वागणूक नाकारते: इथे थुंकू नये. आणि 'नलगे' गरज नाकारते. न अधिक लागणे. म्हणजे लागत नाही, जरूर नाही. या पाचांत हुकूम नाही, नियम नाही, रुसवा नाही, असे हे एकटेच.

त्याची घडणही पाहण्यासारखी आहे. 'करी, बसे, जाई, लागे' ही ज्ञानेश्वरांच्या काळातली वर्तमानकाळाची रूपे. पुढे भाषा सरकली आणि ही रूपे भूतकाळातल्या सवयी सांगू लागली. 'तेव्हा शाळेला चालत जावे लागे' असे आपण म्हणतो ते जुन्या दिवसांबद्दल. पण 'नलगे' मात्र वर्तमानातच राहिले. सगळी पलटण पुढे निघून गेली आणि एक संत्री जुन्या चौकीवर उभा राहिला, असे काहीसे. आज त्याला 'नलगला' नाही, 'नलगेल' नाही. कर्ता 'मी' असो वा 'तुम्ही', एकच रूप. 'क्वोथ' भूतकाळात गोठले, 'नलगे' वर्तमानकाळात.

आमच्या गोरखा जवानांच्या नेपाळीत याचा सख्खा जोडीदार आहे: 'पर्दैन'. 'जानु पर्दैन' म्हणजे जावे लागत नाही, जायची गरज नाही. 'भन्नु पर्दैन' म्हणजे तंतोतंत आपले 'सांगणे नलगे'. फरक इतकाच की त्यांचे क्रियापद रोजच्या तोंडी आहे आणि सगळ्या काळांत चालते. आपले पोथीत जाऊन बसले.

पोथीत मात्र ते भरपूर आहे. ज्ञानेश्वरीत आहे, तुकोबांच्या गाथेत आहे, एकनाथी भागवतात आहे. नाथांनी भागवताचे पहिले पाच अध्याय पैठणला लिहिले आणि उरलेला ग्रंथ या काशीत पुरा केला, शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे १५७३ साली. मराठीतल्या एका मोठ्या ग्रंथाची शेवटची ओवी या गावात लिहिली गेली, हे घाटावर बसून आठवले की बरे वाटते. आणि कीर्तनाच्या शेवटी म्हणतात तो तुकोबांचा दान मागणारा अभंग आठवा. त्यात ते देवाचा विसर पडू नये एवढे मागतात आणि मुक्ती, संपदा या दोन्हींना हेच क्रियापद लावून बाजूला ठेवतात. मुक्ती वाईट म्हणून नव्हे. माझे तिच्यावाचून अडत नाही म्हणून. मुक्तीसाठी लोक जिथे मरायला येतात त्या गावात हा अभंग गुणगुणला की त्याचा नेमका अर्थ कळतो. तिथे 'नको' घातले असते तर तो हट्ट झाला असता.

आता गुरुजींविषयी. सातारा जिल्ह्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांचा मुलगा माझ्या कंपनीत होता, मी कॅप्टन असताना. उत्तरेकडच्या एका उंच चौकीवरून निघालेली गस्त हिमवादळात अडकली. त्या रात्री रेडिओ सेटवर शेवटपर्यंत माझ्याशी बोलणारा तोच होता. सकाळी आमची तुकडी त्यांच्यापर्यंत पोचली. बाकीचे वाचले, तो वाचला नाही. मी घरी पत्र लिहिले, जसे लिहायचे असते तसे: कर्तव्य, शौर्य, सांत्वन. तेव्हाच ठरवले होते, कधी विचारले तर सगळे सांगायचे. अकरा वर्षांत कोणी विचारले नाही.

गेल्या वर्षी गुरुजी गावच्या मंडळींबरोबर काशीयात्रेला आले. आधी व्हॉट्सॲपवर निरोप: 'भेट व्हावी ही इच्छा. गाडी पाठवणे नलगे.' मोबाइलच्या पडद्यावर ते क्रियापद पाहून मला हसू आले आणि घसाही दाटला. आम्ही भोसले घाटावर भेटलो. त्यांनी मला साताऱ्याचे कंदी पेढे दिले, माझ्या मुलांची चौकशी केली, घाटाचे दगड हाताने चाचपून पाहिले. मग दोघेही बराच वेळ मणिकर्णिकेकडे बघत बसलो.

शेवटी मीच म्हणालो, "गुरुजी, त्या रात्री मी सेटवर होतो. तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा. सगळं सांगेन."

ते नदीकडे पाहत होते. म्हणाले, "साहेब, सांगणे नलगे."

मी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनीच पुढे सांगितले, वर्गात फरक समजावून द्यावा तसे. "नको म्हणत नाहीये मी. तुमच्या मनात असेल तर बोला, मी ऐकतो. पण माझ्यासाठी म्हणून नलगे. तो कसा होता ते मला ठाऊक आहे."

वाचकहो, फौजेत बावीस वर्षे मी हुकूम दिले आणि घेतले. 'करू नका' म्हटले की दार बंद. 'केलेच पाहिजे' म्हटले की दार ढकलून आत. गुरुजींच्या त्या एका शब्दाने दार उघडे राहिले आणि आत जायची सक्तीही उरली नाही. अकरा वर्षे मी ते सांगणे एखाद्या प्रलंबित फाइलसारखे बाळगले होते. त्यांनी ते माझ्या टेबलावरून उचलून घेतले.

आणि मग मी बोललो. सगळे नाही. एवढेच सांगितले की तो रात्रभर बरोबरच्या नवीन पोराला झोपू देत नव्हता, त्याला गावच्या जत्रेतल्या कुस्त्या रंगवून सांगत होता. सेटचे बटण मध्येच दाबले जाई तेव्हा मला ते ऐकू येई. तो पोरगा वाचला. आज तो हवालदार आहे.

गुरुजी हसले. म्हणाले, "त्याला कुस्तीतलं काही कळायचं नाही. सगळं मनाचं सांगत असणार." मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि उठून संगमवाल्या नावेचा भाव विचारायला गेले.

वर्तमानपत्रांत आज हे क्रियापद एकाच साच्यात उरले आहे. 'हे सांगणे नलगे' लिहायचे आणि पुढच्याच ओळीत तेच सांगायचे. साच्यात का होईना, टिकले आहे. पण तुमच्या घरी, एखाद्या आजोबांच्या पत्रात किंवा आजीच्या बोलण्यात ते अजून जिवंत असेल, तर कुठल्या प्रसंगी येते ते मला जरूर लिहा. गावाचे नाव घाला. मी वहीत टिपून ठेवतो आहे.