दया आणि दाद

परोपकारात एक गोडी असते, आणि ती बहुधा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यालाच अधिक लागते. आम्हा सुशिक्षितांच्या समाजसेवेत या गोडीचा भाग किती व न्यायबुद्धीचा किती, हा विचार माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे अलीकडे पुष्कळदा मनात येतो. भिक्षेकऱ्यांच्या खटल्यांत चौकशी करून मॅजिस्ट्रेटपुढे अहवाल ठेवणे, हे प्रोबेशन ऑफिसर या नात्याने त्याच्याकडे आलेले काम.

या खटल्यांमागचा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ सालचा. पोलिसाने वॉरंटावाचून पकडावे, न्यायालयाने झटपट चौकशी करावी, आणि भिक्षेकरी ठरेल त्यास एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवावे, अशी त्याची योजना. पुनःपुन्हा सापडणाऱ्याची मुदत तर दहा वर्षांपर्यंत नेलेली. व्याख्याही अशी ऐसपैस की गाणे, नाचणे, भविष्य सांगणे या निमित्ताने मागणे तीत येतेच. पण उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, भिक्षेवर जगत असावा अशा रीतीने सार्वजनिक जागी वावरणेही येते. पहाटे दारी येणाऱ्या वासुदेवाने आणि पिंगळ्याने या व्याख्येतून कसे निसटावे, हे मला तरी उमगत नाही!

माझ्या विद्यार्थ्यापुढे आलेला मनुष्य वासुदेव नव्हता. नाक्यावर मजुरीची वाट पाहत बसणारा, साठी उलटलेला तो एक बिगारी होता. वरिष्ठ अधिकारी सहृदय होते. ते म्हणाले, “अहो, वर्षभर राहू द्या त्याला आत. पावसाळ्याचे दिवस, दोन वेळचे अन्न मिळेल, डोक्यावर छप्पर येईल. त्याचे कल्याणच आहे.” या बोलण्यात खोटे काहीच नाही, आणि म्हणूनच मला ते भयंकर वाटते. ज्या छपराखालून आपल्या इच्छेने बाहेर पडता येत नाही त्याला निवारा म्हणावे की कोठडी, हे आत राहणाऱ्यानेच सांगावयाचे. आणि त्याला तर कोणी विचारलेच नव्हते. विद्यार्थ्याने विचारले. म्हातारा म्हणाला, “साहेब, मला कामावर जाऊ द्या.” अहवालात तेच लिहिले गेले, मुकादमाचा जबाब जोडला गेला, आणि तो सुटला. त्या रात्री तो पावसात पदपथावरच निजला असणार. हे मला डाचते; तरीही माझ्या विद्यार्थ्याने केले ते योग्यच केले, असे मी म्हणेन.

हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. तेथे हर्ष मंदर यांच्यासारख्या सामाजिक कार्यकर्त्यांनी दाद मागितली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. मनुष्य हात पसरतो तो हौसेने नव्हे, सरकारने द्यावयाचे ते त्याच्यापर्यंत पोचले नाही म्हणून, असा त्या निकालाचा आशय. मग जे देणेच आहे ते मागण्यासाठी समाजसेवकाने वाढपाची पळी खाली ठेवून वकिलासारखे उभे राहू नये, तर काय करावे?

माझा विद्यार्थी सध्या त्या बिगाऱ्यासाठी शिधापत्रिकेच्या कचेरीत खेटे घालतो आहे. अर्ज तीनदा परत आला. पत्त्याच्या रकान्यात पदपथ चालत नाही म्हणतात.