हाँगकाँगहून पुडी आली नाही

ऑफिसच्या कामासाठी हाँगकाँगला निघाले, तेव्हा बॉसची यादी वेगळी होती आणि आईची वेगळी. आईची मागणी एकच. ‘तिकडे गाठीवर चिनी औषध मिळतं म्हणे. बघ जरा.’ तिच्या मानेवर सुपारीएवढी गाठ आलेली. डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितलेली आणि बाईसाहेब तीन महिने ती टाळतायत!

शनिवार मोकळा मिळाला. मॉलला टांग मारून, तिथल्याच एका कलीगला सोबत घेऊन ट्रामने शेउंग वान गाठलं. इथली को शिंग स्ट्रीट म्हणजे चिनी वनौषधींचा बाजार. गल्लीत शिरलात की आधी नाकाला कळतं. मुळं, साली, सुकलेली फुलं... आपल्या काष्ठौषधींच्या दुकानाची आठवण होणारच.

आधी कोपऱ्यावर ‘लेउंग चा’ घेतला. म्हणजे थंडावा देणारा चहा. खरं तर काढाच. जागरण झालं, तळलेलं खाल्लं की इथली माणसं म्हणतात, अंगात उष्णता वाढली. अगदी आपल्या आयांसारखं! फक्त सब्जाऐवजी हा वाडगा. २००६ मध्ये चीनने या चहाला राष्ट्रीय वारशाच्या यादीत मानाने बसवलं.

माझ्या वाडग्यात होतं ‘हा फू चो’, म्हणजे उन्हाळ्यात सुकणारी वनस्पती. रानात उगवणारी, जांभळ्या फुलांची, तुळशीच्याच कुळातली. उन्हाळ्यात तिचे तुरे तांबूस-तपकिरी झाले की खुडतात. चिनी वैद्यकाच्या मते ती यकृतातला ‘अग्नी’ शमवते. म्हणून लाल झालेल्या डोळ्यांवर, डोकेदुखीवर देतात. आणि हो, मानेच्या गाठींवरही! शेननोंगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे दोन हजार वर्षं जुन्या ग्रंथातसुद्धा हा उपयोग आहे. म्हटलं, चला, आईचं काम झालं.

शेजारच्या दुकानात वयस्कर वैद्य बसले होते. कलीग दुभाषी झाली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तपासणी झाली?’

‘नाही.’

हातातली बरणी त्यांनी परत फळीवर ठेवली. ‘दिवसाला ९ ते १५ ग्रॅम, हे कुणीही सांगेल. पण गाठ कसली ते कळल्याशिवाय औषध कशाचं देऊ? तुम्ही काढे उकळत बसाल आणि गाठ वाढत बसेल.’

मी गप्प. तीन महिने मीही ‘तुझी तू बघ’ म्हणत होतेच की.

रात्री फोन लावला. ‘आई, पुडी नाही मिळाली. सोमवारी आपण दोघी तपासणीला जातोय.’

पलीकडे शांतता. मग हळूच, ‘तू येशील ना आत?’

‘येईन.’

जायचंय? एमटीआरने शेउंग वानला उतरा, पुढे पायी. वाडगाभर चहा जरूर प्या. रोजची औषधं चालू असतील, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.